हँडब्रेकची वायर

आमच्या जुन्या गाडीचा रेडिओ बंद पडला, म्हणून मी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. नुसता रेडिओ आता सहसा कोणी बसवत नाही. नऊ इंची स्क्रीन, तिच्यातच नकाशा, फोन, गाणी, मागचा कॅमेरा. दुकानातल्या पोराने अर्ध्या तासात जुना रेडिओ खेचून काढला. त्या भोकातून लोंबणाऱ्या वायरींच्या झुबक्यातली एक बारीक वायर चिमटीत धरून तो म्हणाला, "मॅडम, ही हँडब्रेकला जोडायची असते. गाडी उभी असेल तरच पिक्चर दिसतो. अर्थ करून टाकू का? मग चालू गाडीतही दिसेल. सगळे तेच करून घेतात."

पैसे किती, असं विचारलं. "त्याचे कसले पैसे? फ्री!"

ती वायर बघून मला एकदम वीसेक वर्षांपूर्वीची एक वायर आठवली.

२००४च्या फेब्रुवारीत मी रजा काढून मावसभावाकडे अमेरिकेत गेले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला तो राहायचा. बर्फाचं गाव. लांब हिवाळ्यात माणसं काहीतरी छंद लावून घेतात, तसा त्याने गाडीत कॉम्प्युटर बसवण्याचा छंद लावून घेतला होता. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. सतरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे छोटे मदरबोर्ड नुकतेच बाजारात आले होते. त्यातला एक त्याने डिकीत बसवला, डॅशबोर्डमधला रेडिओ काढून तिथे सात इंची टचस्क्रीन घातली आणि स्क्रीनच्या खाली रेडिओ स्कॅनर.

स्कॅनर म्हणजे फक्त ऐकण्याचा बिनतारी संच. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, बर्फ उपसणाऱ्या गाड्या यांच्या वाहिन्या तो एकामागून एक सतत चाळत राहतो. जिथे कोणी बोलताना सापडेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुढे. शहरांतल्या नव्या यंत्रणांमध्ये एकच संभाषण या वाहिनीवरून त्या वाहिनीवर उड्या मारतं. त्याचा माग काढून, आता कोण बोलतंय ते भावाचा कॉम्प्युटर स्क्रीनवर दाखवायचा. आपल्याकडे परवान्याशिवाय पोलिसांचा बिनतारी संच बाळगता येत नाही. अमेरिकेत घरी बसून हे ऐकायला सहसा हरकत नसते, पण गाडीत असा संच ठेवण्यावर काही राज्यांत बंधनं आहेत. न्यूयॉर्क त्यातलंच. हौशी रेडिओचा, म्हणजे 'हॅम'चा परवाना असणाऱ्यांना मात्र तिथे सूट आहे. भावाकडे तो होता, आणि त्याची प्रत गाडीच्या कप्प्यात कायम असायची.

त्याच्या खटपटी मला तोंडपाठ झाल्या होत्या. चावी फिरवली की स्टार्टर बॅटरीचा जोर ओढून घेतो, क्षणभर बाराचे आठ-नऊ व्होल्ट होतात आणि कॉम्प्युटर मान टाकतो. त्यासाठी त्याने वेगळा वीजपुरवठा बसवला. कॉम्प्युटरची विद्युत कचकच स्कॅनरच्या आवाजात मिसळते, म्हणून प्रत्येक वायरीला फेराइटचं कडं. कडाक्याच्या थंडीत स्क्रीनवरची अक्षरं आळस दिल्यासारखी उमटायची. एवढं करून सगळं चाललं याचा त्याला जो आनंद होता, तो खरंच बघण्यासारखा होता. "पोलिसांच्या गाडीत असतो ना लॅपटॉप? मग?" हा त्याचा युक्तिवाद.

एका सकाळी आम्ही निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग. स्कॅनरवर पुढच्या कुठल्यातरी चौकातल्या अपघाताची बातमी आली. रुग्णवाहिकेचा माणूस दवाखान्याला सांगत होता: इतक्या वर्षांचा पुरुष, नाडी इतकी, शुद्धीवर आहे. मी डॉक्टर, माझेही कान टवकारले. भावाने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग समोर. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर होती, हे मी स्वतः पाहिलंय.

समोर पिवळी स्कूलबस उभी होती, लाल दिवे लुकलुकत होते. तिथे अशी बस थांबली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना थांबावंच लागतं, कारण मुलं रस्ता ओलांडतात. मी ओरडले. ब्रेक लागला, गाडी बर्फावरून घसरत गेली आणि बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली. टोपी घातलेली दोन पोरं बसच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. त्यांना काही कळलंही नाही. स्कॅनरवर तो माणूस अजून रक्तदाब सांगत होता.

"ताई, मला बस दिसलीच नाही गं," भाऊ म्हणाला. एवढी मोठी, पिवळीधमक बस!

मला तेव्हा वाटलं, घाबरून बोलतोय. आज मला वाटतं, तो अक्षरशः खरं सांगत होता. युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसलेल्या चालकांच्या बुबुळांची हालचाल टिपली. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, पण नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना फारसे ओळखता येत नव्हते. डोळ्याने आपलं काम केलं होतं, मेंदूने ते उचललं नव्हतं. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले.

आपण एका वेळी दोन कामं करतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात लक्ष द्यावं लागणाऱ्या दोन कामांमध्ये मेंदू येरझारा घालतो आणि प्रत्येक फेरीला वेळ लागतो. त्यात स्कॅनरसारखा आवाज जास्त ओढाळ. गाणं आपल्याला ठाऊक असतं, ते मागे वाजत राहतं. स्कॅनर कधी बोलेल, काय बोलेल, याचा नेम नसतो, आणि बोललाच तर बहुधा कोणाच्या तरी जिवावर बेतलेलं असतं. कान अशा आवाजाकडे वळतोच. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याचं तसं नाही. चौक आला की तोही गप्प होतो, प्रसंगी ओरडतो. त्या दिवशी मी ओरडले तशी.

एक आकडा मला स्वतःला फार खटकला. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानासाठी स्ट्रेयर यांच्या गटाने, नुसतं बोलून चालवायच्या यंत्रणा तपासल्या. हात लावायचा नाही, 'अमक्याला फोन लाव' एवढंच म्हणायचं. २०१५ साली त्यांनी जाहीर केलं की काम संपल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला, सर्वांत वाईट यंत्रणेत, २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी साठ किलोमीटरने २७ सेकंदांत गाडी साडेचारशे मीटर जाते. अपघात विभागात "मी फोनवर नव्हतो हो, केव्हाच ठेवला होता" असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यांच्यावर पूर्वीइतका अविश्वास मी आता दाखवत नाही.

डोळ्यांचा हिशेब याहून साधा आहे. आपल्याला बारीक, स्पष्ट दिसतं ते दृष्टिपटलाच्या मधल्या इवल्याशा भागाने. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या नखाएवढीच जागा त्यात मावते. बाकीचं सगळं अंदाजाने दिसतं. स्क्रीनवरचं नाव वाचायचं तर ते नखाएवढं क्षेत्र रस्त्यावरून काढून तिथे न्यावंच लागतं. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका निदान दुप्पट होतो, असं अमेरिकेतल्या शंभर गाड्यांत वर्षभर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दिसलं. ताशी साठच्या वेगाने दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर. तिथल्या सरकारने २०१३ साली गाडी बनवणाऱ्यांना जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही एका नजरेला दोन सेकंद आणि सबंध कामाला बारा सेकंद अशीच मर्यादा आहे. पण ती ऐच्छिक.

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी. चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं. लांबचा रस्ता पाहणारा डोळा हातभर अंतरावरच्या स्क्रीनवर स्थिरावायला वेळ घेतो, आणि पन्नाशीत फक्त लांबचा चष्मा लावला असेल तर पुष्कळदा स्थिरावतच नाही. मग आपण मान मागे घेतो, डोळे बारीक करतो, पुन्हा बघतो. दोन सेकंद केव्हाच संपलेले असतात. वाचायचा चष्मा लावून गाडी चालवणं तर त्याहून वाईट, रस्ताच धूसर. प्रोग्रेसिव्ह काच घेणाऱ्यांनी चष्मेवाल्याला आपल्या डॅशबोर्डचं अंतर मोजून सांगावं. आपण संगणकाचं सांगतो, गाडीचं कोणी सांगत नाही. रात्रीचं आणखी वेगळं. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि भगभगीत स्क्रीन तो सराव घालवते. कंदील नसलेल्या बैलगाडीच्या जातीच्या वस्तू आपल्या रस्त्यांवर रात्री पुष्कळ असतात.

टचस्क्रीनची आणखी एक खोड म्हणजे ती गुळगुळीत असते. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही, कारण उंच काळ्या पट्ट्या बोटाला वाट दाखवतात. जुन्या गाडीतला गोल खुंटा तसाच होता. 'वी बिलॅगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ साली अकरा नव्या गाड्या आणि सतरा वर्षांची एक जुनी, बटणांची व्होल्वो धावपट्टीवर नेली. ताशी ११० किलोमीटर वेग ठेवून चालकांनी चार साधी कामं करायची, जसं की तापमान वाढवणं, रेडिओ ठरावीक वाहिनीवर लावणं. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. जुन्या व्होल्वोत सगळं उरकायला दहा सेकंद लागले आणि गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत जवळपास पंचेचाळीस सेकंद, १,३७२ मीटर. हे कळायला इतका उशीर व्हायला नको होता, असं माझं मत. १९८६च्या ब्युइक रिव्हिएरात टचस्क्रीन आली होती आणि काही वर्षांतच कंपनीने ती काढूनही टाकली होती. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप'ने २०२६च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरीखुरी बटणं असतील तरच पूर्ण गुण, अशी अट घातली आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, केवळ मार्ग पाहण्यासाठी, तो वापरायला नियमांत मुभा आहे. कायदा हाताबद्दल बोलतो. लक्षाचं काय, ते चालकावर सोडलंय.

पोलिसांच्या लॅपटॉपबद्दलचा भावाचा प्रश्न अर्धवटच होता. अग्निशमन बंबावर रेडिओ सांभाळणारा अधिकारी चालकाच्या शेजारी बसलेला असतो. आपल्या १०८ रुग्णवाहिकेत पायलट गाडी हाकतो, डॉक्टर मागे रुग्णापाशी. जिथे एकटा माणूस दोन्ही करतो, तिथे ती नोकरीची मजबुरी असते, हौस नव्हे.

त्या रात्री भावाने गॅरेजमध्ये डॅशबोर्ड पुन्हा उघडला. मी बॅटरी धरून उभी. त्याने हँडब्रेकपासून एक वायर ओढून रिलेला जोडली. ब्रेक ओढलेला असेल तरच स्क्रीन उजळेल आणि स्कॅनर बोलेल, नाहीतर दोन्ही मुके. आवाजाचा एक खुंटा तेवढा बाहेर ठेवला, गाण्यांसाठी. महिनाभराची मेहनत त्याने दीड तासात निम्मी करून टाकली आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

दुकानातल्या पोराला मी म्हटलं, हँडब्रेकलाच जोड. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. गिअरपाशी झाकण उघडून वायर आतून न्यायला त्याला आणखी पाऊण तास लागला, आणि त्याचे मात्र पैसे पडले.

निघण्याआधी नकाशा लावून घेणं, रात्री स्क्रीनचा उजेड पार खाली आणणं, हे मला जमलंय. घरातल्यांचं सांगता येत नाही. क्रिकेटची मॅच असली की प्रत्येक लाल सिग्नलला आमचे हे हँडब्रेक ओढतात. स्क्रीन उजळते, चार चेंडू बघून होतात, हिरवा दिवा लागतो, स्क्रीन काळी होते. गाडी पुढे जाते खरी, पण ते अजून खेळपट्टीवरच असतात. मी शेजारी बसून मनातल्या मनात सत्तावीस मोजते.