मध्ययुगीन मराठीतील उंट : शब्द आणि व्यवहार

पनवेलसारख्या दमट कोकणी मुलखात उंट हा नित्याचा प्राणी नव्हे. तरीही ‘उंटावरचा शहाणा’ तेथे सहज बोलले जाते. प्राणी दूरचा असूनही शब्द घरचा कसा झाला, याचा उलगडा मध्ययुगीन व्यवहारभाषेत होतो.

‘उंट’ हा संस्कृत ‘उष्ट्र’पासून प्राकृतातून आलेला तद्भव होय. शिवकालीन अठरा कारखान्यांपैकी ‘उष्ट्रखाना’ या नावात पूर्वपद संस्कृत, तर उत्तरपद फारसी आहे. उंटावरील लहान तोफ म्हणजे ‘सुतरनाळ’. यातील ‘सुतर’ हे फारसी ‘शुतुर’चे मराठी रूप असून ‘शुतुर’ हा ‘उष्ट्र’चाच इराणी सगोत्र आहे. या शब्दाचा संबंध ‘सूत’ वा ‘सुतार’ यांच्याशी जोडल्यास बखरीतील रणवर्णनाचा अर्थच बिघडतो. पेशवेकाळात तातडीची पत्रे ‘सांडणीस्वार’ नेत. सांडणी म्हणजे वेगाने चालणारी उंटीण.

याउलट, जुन्या इंग्रजीतील उंटवाचक ‘ओल्फेंड’ हा शब्द मूळ हत्तीवाचक नावाशी जोडला जातो. तेथे उंट प्रामुख्याने ग्रंथांतून परिचित होता. मराठी राज्यव्यवहारात तो प्रत्यक्ष वावरत होता. म्हणूनच मराठीत त्याच्या कामांनुसार नेमके शब्द रूढ झाले. सांडणीस्वार व सुतरनाळ इतिहासजमा झाल्या, तरी वाक्प्रचारांत आणि बुद्धिबळाच्या पटावर उंट टिकून आहे.