एनडीपीएस: आजाऱ्यांना भोवलेला कायदा

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. त्याआधी गांजा-अफूची परवान्याची दुकानं होती, सरकार त्यांवर कर घेई. ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगाने १८९४ सालीच सांगितलं होतं की माफक गांजा-भांग घेणाऱ्यांना फारशी इजा होत नाही. बंदी नको, परवाने आणि कर पुरेत. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही वाट बंद केली. नव्या कायद्यातून भांग तेवढी सुटली, कारण गांजाच्या व्याख्येत पानं धरलेली नाहीत.

मुंबईत तोवर गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, लोण पोहोचलं होतं. कायद्यामुळे गर्द आली असं मी म्हणणार नाही. पण कायद्याने ती गेलीही नाही. लेखक अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ साली पुण्यात त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे व्यसनी माणूस पेशंट होता. कायद्याच्या २७व्या कलमात तो गुन्हेगार, आजही. उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारं ६४अ कलम आहे, पण ती सवलत आधी आरोपी झाल्यावरची. पोलिसांची भीती असलेला मुलगा दवाखान्याची पायरी कशी चढेल?

१९८९ साली याच कायद्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या काही गुन्हेगारांसाठी सक्तीची फाशी आली. ती घटनाबाह्य असल्याचं २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं.

मला सर्वात जास्त राग येतो तो अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाच्या गोष्टीचा. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आपण ती परदेशी औषध कारखान्यांना विकतो. आणि इथला कॅन्सरचा रोगी विव्हळत मेला. या कायद्यामुळे मॉर्फिनच्या एकेका खरेदीसाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागत, कागदात चूक झाली तर दहा वर्षांच्या तुरुंगाची धास्ती. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९८५च्या सुमारास देशात वर्षाला सुमारे ६०० किलो वापरलं जाई, १९९७ साली १८ किलो. वेदना तर कमी झाल्या नव्हत्या. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवत राहिले, तेव्हा कुठे २०१४ साली दुरुस्ती होऊन परवाना एका खात्याकडे आला.

व्यसनी माणसाबाबत वेगळी वाटही आहे: पोर्तुगालने २००१ सालीच स्वतःपुरत्या नशेला फौजदारी गुन्ह्यांतून वगळलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. पुढच्याच वर्षी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःपुरती नशा करणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचार द्यावेत असं सुचवल्याच्या बातम्या आल्या. २७वं कलम मात्र तसंच आहे. ते रद्द व्हावं, आणि अटकांवर होणारा खर्च जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्यसनमुक्ती केंद्रांकडे वळावा.