वेगाची हौस आणि लगाम

इंजिनाची शक्ति चारही चाकांना पोंचविणारी वेगवान मोटार हांकणाऱ्याच्या मनांत एक भ्रम सहज उत्पन्न होतो. ओल्या वळणावरून बाहेर पडतांना इतर गाड्यांचीं चाकें जेथें जागच्या जागीं फिरतात, तेथें ही गाडी बाणासारखी सुटते. आणि जी इतकी घट्ट धांवते ती तितकीच घट्ट वळेल व थांबेलहि, असें त्यास वाटूं लागतें. पण वळणें व थांबणें हें अखेर टायरांच्या पकडीवर अवलंबून असतें. वेग दुप्पट झाला कीं त्याच वळणास चौपट पकड लागते, आणि ती कोणतेंहि इंजिन पुरवूं शकत नाहीं.

‘ऑडी’ कंपनीनें १९८० सालीं ‘क्वात्रो’ काढून चार चाकांच्या ओढीस शर्यतींत कीर्ति मिळवून दिली. त्याच कंपनीची ‘टीटी’ १९९८ सालीं आली. अतिवेगांत एकदम दिशा बदलतांना यांपैकीं कांहीं गाड्या मागून घसरल्या व माणसें दगावलीं. तेव्हां कंपनीनें गाड्या परत बोलावून त्यांस स्टॅबिलिटी कंट्रोल बसविलें.

ही यंत्रणा ‘मर्सिडीज’ व ‘बॉश’ यांनीं १९९५ सालीं प्रचारांत आणली. सुकाणूचें चक्र किती वळविलें आणि गाडी प्रत्यक्षांत किती वळली, यांची ती सतत तुलना करते. गाडीचें तोंड वळणाबाहेर जाऊं लागल्यास आंतल्या बाजूच्या मागच्या चाकास, व मागची बाजू फिरूं लागल्यास बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकास ती ब्रेक लावते; शिवाय इंजिनाचा जोरहि उतरविते.

हौशी चालकाची तक्रार नेमकी येथेंच असते. गाडी किंचित् घसरवून वळविण्याचा त्याचा हेतु असतो, आणि ऐन वेळीं जोर नाहींसा होतो. शर्यतीच्या मैदानावर वारंवार लागणाऱ्या ब्रेकांमुळें ते तापतातहि. ही तक्रार खोटी नाहीं. म्हणूनच ‘सुबारू’नें २००८ च्या ‘एसटीआय’ मोटारींत पूर्ण, शिथिल व बंद अशा तीन पायऱ्या ठेविल्या.

तथापि बंद मैदानावर जें शोभतें तें सार्वजनिक रस्त्यावर शोभत नाहीं. तेथें समोरून दुसऱ्याचें कुटुंब येत असतें. ज्या घरांतील तरुणांस अशा गाडीची हौस आहे, तेथील वडील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, हौस मोडूं नये. तिला मैदान, जाणता शिक्षक व चांगले टायर मिळवून द्यावे. आणि तरुणांनीं रस्त्यावर ही यंत्रणा चालूच ठेवून तिच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष द्यावें. दिवा लुकलुकला म्हणजे आपला हात किंवा पाय रस्त्याच्या मर्यादेपुढें गेला, असें समजावें. तो क्वचितच लागावा, यांतच खरें कौशल्य आहे.