पडद्याची कावीळ

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. वैद्यकशास्त्राला ते मान्य नाही. मात्र गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली ती माझ्या लॅपटॉपला, आणि फसलो मी.

आमचे नेरडीगोंडा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, निर्मल आणि आदिलाबाद यांच्या मध्ये आहे. आतल्या वस्त्यांवरून तान्ह्या बाळांची छायाचित्रे हल्ली मोबाईलवर येतात. त्या रात्री चार दिवसांच्या बाळाचे आले. मोठे दिसावे म्हणून लॅपटॉपवर उघडले, तर बाळ तळपायांपर्यंत हळदीसारखे पिवळे! पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरतो, हे क्रेमर यांनी १९६९ साली मांडले. तळपाय पिवळे म्हणजे बिलिरुबिन बरेच वाढलेले. मी ताबडतोब निघायला सांगितले.

भर पावसात आई-वडील आणि आजी ऑटोने आले. बाळ दूध ओढत होते, रडणेही खणखणीत. दिव्याखाली खात्री होईना, म्हणून ठेवून घेतले. सकाळच्या उजेडात पिवळेपणा छातीपर्यंतच होता. रक्तात बिलिरुबिन ९ मिलिग्रॅम. उपचारांची गरज नव्हती. आजी एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाळ तर बरं हाय. रातीला नाला भरून वाहत होता." माझ्याकडे उत्तर नव्हते.

ती मंडळी गेल्यावर लॅपटॉपवर कोरे पान उघडले. तेही पिवळे! डोळ्यांना सुखद म्हणून रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंदच होती. पडद्याचे चित्र टिपून मोबाईलवर पाठविले. तिथे ते पान शुभ्र. म्हणजे संगणकाच्या आत चित्र ठीक तयार होत होते. तारेने दूरचित्रवाणी संच जोडला, त्यावरही रंग चोख. यंत्र बंद करून सुरू केले, तर विंडोज येण्यापूर्वीचे कंपनीचे चिन्हदेखील पिवळट. दोष ड्रायव्हरचा नव्हे, हे ठरले. शेवटी झाकण हळूहळू मागे-पुढे केले आणि एका कोनात पडदा लखलखीत पांढरा झाला. (ही तपासणी खरे तर पहिली करायची, पण पोटाला हात लावण्याआधी सोनोग्राफी लिहून देणारे आपणच!)

आदिलाबादच्या कारागिराने उघडून दाखविले: बिजागरीतून पडद्याकडे जाणारी केबल उघड-मिटीने घासली होती. निळ्या रंगाचा संकेत नीट पोहोचत नव्हता, आणि प्रकाशातून निळा वजा केला की पिवळा उरतो. ज्या निळ्या प्रकाशाखाली आपण काविळीची बाळे ठेवतो, नेमका तोच माझ्या पडद्यातून गळाला होता. केबल बदलली, काम झाले.

मनातून जात नाही ते वेगळेच. पडद्यावर निळी झाक वाढली असती, तर खरी कावीळही मला फिकी दिसली असती आणि मी "सकाळी या" म्हणालो असतो. आता छायाचित्र आले की आधी फोन करतो: पहिल्या चोवीस तासांतच पिवळे पडले का, दूध ओढते का, जागे केल्यावर उठते का. बोलवायचे की नाही ते या उत्तरांवरून ठरते. पिवळेपणाचा निर्णय बाळ समोर आल्यावर आणि रक्त तपासूनच.