आटगावची फिर्याद

कसाऱ्याकडे जाणारी लोकल आसनगाव सोडते, की पुढचे स्थानक आटगाव. जवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, पलीकडे तानसा अभयारण्याचे जंगल, आणि भोवताली विखुरलेले आदिवासी पाडे. इथे गुन्हा घडला तर त्याची वाट ठरलेली आहे. पोलीस ठाणे शहापूरचे, पहिले न्यायालयही शहापूरचेच. गुन्हा मोठा असेल तर खटला कल्याणच्या सत्र न्यायालयात, आणि त्याच्यावर मुंबईचे उच्च न्यायालय. वर्तमानपत्रात बातमी येते ती बहुधा या वाटेच्या शेवटाची: जन्मठेप झाली, निर्दोष सुटला. पण खटला उभा राहतो किंवा ढासळतो तो सुरुवातीच्या कागदांवर, आणि ते कागद पाड्यावर, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आणि तालुक्याच्या न्यायालयात लिहिले जातात. फौजदारी न्यायाची व्यवस्था समजून घ्यायची तर ती या टोकाकडून पाहायला हवी.

समजा, एका पाड्यावर रात्री भांडण झाले आणि एकाने दुसऱ्याच्या डोक्यात कोयता घातला. ठाण्यातली गाडी यायच्या आधी खबर पोचते ती पोलीस पाटलाला. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. त्यानुसार नेमलेला हा माणूस गावचाच असतो, त्याला गणवेश नसतो, मानधन असते. गुन्ह्याची आणि संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणे हे त्याचे काम. त्याहून महत्त्वाचे, आणि कोणाच्या फारसे लक्षात न येणारे काम म्हणजे पोलीस येईपर्यंत जागा राखणे. घरची माणसे जखमीला उचलतात, मागे राहिलेली बाई अंगण धुऊन काढते, कोणीतरी कोयता उचलून आत ठेवतो. त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, पण पुरावा गेलेला असतो. जाणता पोलीस पाटील अशा वेळी अंगणाभोवती चार माणसे उभी करतो. पुढे कल्याणच्या न्यायालयात सरकारी वकिलाला जे काही हाती लागते, त्यातले बरेचसे या चार माणसांनी राखलेले असते.

मग फिर्याद. १ जुलै २०२४ पासून दंडविधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खून म्हटले की तोंडावर येणारे ३०२ आता १०३ झाले. फिर्यादीचे कलम १५४ होते ते १७३ झाले. गाभा मात्र तोच राहिला: दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर ती लिहून घ्यायची, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि प्रत त्याला फुकट द्यायची. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे पाहून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद करून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे आता कायद्यातच लिहिले आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे पोलिसांच्या मर्जीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. ठाण्याने नकार दिला तर ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

नव्या संहितेत एक फट आहे, आणि तिची मला काळजी वाटते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाची परवानगी घेऊन, नोंद करण्यापूर्वी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. पाड्यावरच्या माणसासाठी चौदा दिवस फार असतात. तेवढ्यात गावकी बसते, पैसे ठरतात, साक्षीदाराच्या घरी दोनदा निरोप जातो. नोंदीला लागणारा उशीर किती महागात पडतो हे याच ठाणे जिल्ह्याने ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात पाहिले. शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या लहान मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वेचे रूळ अडवले. उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

फिर्याद कशी लिहिली जाते, इथे थोडे थांबायला हवे. बाई सांगते ती आपल्या बोलीत, रडत, मागचे पुढे करत. टेबलापलीकडचा हवालदार लिहितो ते पोलिसी मराठीत: सदर इसमाने जुन्या भांडणाचा राग मनात धरून, शिवीगाळ करून, हातातील कोयत्याने. कागद नेटका होतो, पण बाईचे बोलणे त्यात राहतेच असे नाही. तिने सांगितलेला कंदील, कुत्र्याचे भुंकणे, मागच्या दाराने पळालेला दुसरा माणूस, यातले काही गळून जाते. दोन-तीन वर्षांनी उलटतपासात बचावाचा वकील नेमके तेच विचारतो: हे तुम्ही फिर्यादीत सांगितलेच नव्हते, आज पहिल्यांदा सांगताय. बाई म्हणते, सांगितले होते. कागदावर नसते. वकिलाचे यात काही चुकत नाही, आरोपीच्या बाजूने प्रश्न विचारणे हेच त्याचे कर्तव्य. म्हणूनच अंगठा उठवण्याआधी फिर्याद वाचून घेण्याचा हक्क तिने वापरायला हवा, आणि तिच्यासोबत गेलेल्या शिकलेल्या पुतण्याने तो वापरायला लावायला हवा.

दुसरा मोठा कागद पंचनामा. घटनास्थळाचा, जप्तीचा, मयत झाला तर मरणोत्तर. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत, असे कायदा सांगतो. सामान्य नागरिक या व्यवस्थेत आत शिरतो तो इथे, आणि म्हणूनच मला ही जागा सगळ्यांत मोलाची वाटते. आरोपीने पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. ते बंधन इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या कायद्यानेही राखले आहे. मात्र कोयता कुठे लपवला हे त्याने सांगितले, आणि त्याप्रमाणे तो करवंदीच्या जाळीत सापडला, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. हे बोलणे खरोखर झाले, कोयता खरोखर तिथून निघाला, हे सांगणारे दोन पंच असतात. ते खरे बोलले तर निरपराध माणसाच्या नावावर कोयता चिकटवता येत नाही, आणि अपराध्याचा कोयता नाकारता येत नाही.

प्रत्यक्षात पंच मिळत नाहीत. रोज बुडतो, शेजाऱ्याशी वैर येते, आणि तारखांना जावे लागते ते वेगळेच. मग तालुक्याच्या गावातलाच ओळखीचा कोणी पुन्हा पुन्हा पंच होतो, आणि न्यायालय अशा नेहमीच्या पंचाकडे संशयाने पाहते. खटला उभा राहीपर्यंत एखादा पंच फितूरही होतो: सही माझी आहे, पण कागद कोरा होता. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, ते मोबाइलवरही चालते आणि विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, अशीही तरतूद आहे, ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. चित्रीकरणाने पंचाचे ओझे हलके होईल, पण कॅमेरा कधी सुरू केला आणि कधी बंद केला, हे सांगायला माणूसच लागेल.

प्रत्येक मृत्यू गुन्हा नसतो. सर्पदंश, विहिरीत बुडणे, रुळांवर सापडलेला देह, या सगळ्यांची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, मरणोत्तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि त्यातून घातपात किंवा निष्काळजीपणा दिसला तर गुन्हा दाखल होतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. त्याचा गुन्हा शहापूर पोलीस ठाण्यात नोंदला गेला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याला जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेत ती पाच वर्षांपर्यंत गेली. पण सरळांबेची घटना १ जुलै २०२४ च्या आधीची. घटनेच्या दिवशी जी शिक्षा नव्हती ती मागाहून कोणाला देता येत नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने बांधून दिले आहे. म्हणून शहापूरच्या न्यायालयात अजून बराच काळ दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालतील.

आता आरोपीकडे वळू. पकडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. अटकेचे कारण त्याला आणि त्याच्या घरच्यांना कळवावे लागते. तालुक्याच्या न्यायालयात रिमांडचे काम पाहिले तर ते मिनिटांत उरकते. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे न्यायाधीश विचारतात. आरोपी नाही म्हणतो. ज्यांच्याबद्दल विचारले जात आहे ते त्याच्या शेजारीच उभे असतात, आणि कोठडी मिळाली तर तो त्यांच्यासोबतच परत जाणार असतो. या क्षणी त्याच्या बाजूने बोलणारा वकील हवा. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सांगितले, की आरोपीला पहिल्यांदा समोर आणले जाते तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळेल, हे सांगणे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. देशाने ज्याचा सर्वाधिक तिरस्कार केला त्याच्या खटल्यातून पाड्यावरच्या माणसाला हे संरक्षण पक्के झाले, याचा मला अभिमान वाटतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार अनुसूचित जमाती आणि जातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१००.

जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत कातकरी आदिवासीच्या बाबतीत मोठे अंतर पडते. जामीनदार हवा, आणि त्याची ऐपत दाखवायला सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा कागद हवा. ज्या समाजाच्या बहुतेक घरांच्या नावावर जमीन नाही, तिथला जामीनदार कुठून येणार? १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारलाही गेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिले. आता जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणसाला गरीब मानून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदाच म्हणतो. सुटल्यावरही अडचण संपत नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, समन्स घेऊन आलेल्या शिपायाला झोपडी बंद दिसते, तारीख चुकते, वॉरंट निघते. त्यात फरार होण्याचा इरादा नसतो. पोट भरायला गेलेला माणूस कागदावर फरारी ठरतो.

साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवण्याचे बंधनही आता आले आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा देऊ शकतात. कोयत्याचा जखमी मेला असेल, तर शहापूरचे न्यायालय कागद पाहून खटला सत्र न्यायालयाकडे पाठवते. तिथे आरोप निश्चित होतो, साक्षी होतात, उलटतपास होतात, आरोपीचे म्हणणे नोंदवले जाते. पुरावा संशयापलीकडे गेला नाही तर तो सुटतो.

सुटका आणि शिक्षा दोन्हींबद्दल बोलण्याचा हक्क समाजालाही आहे, याचा दाखला महाराष्ट्रातलाच. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूरच्या खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यातले एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रियांचे मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराचे वेगळे कलम आले, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. तिच्यानंतर ठाण्याची पायरी चढलेल्या प्रत्येकीला झाला.

निकाल युक्तिवाद संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावा, अशी सत्र खटल्यासाठी नवी तरतूद आहे. शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रत आरोपीला लगेच, विनाशुल्क मिळते. शहापूरच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस, कल्याणच्या निकालावर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस. आरोपी तुरुंगात असेल तर तो आपले अपील तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देतो, आणि अधिकाऱ्याने ते न्यायालयाकडे पाठवायचे असते. त्या अपिलासाठीचा वकीलही मागितला तर मोफत मिळतो.