लोक ऐकत नाहीत, की आरोग्य खात्याला सांगता येत नाही?

"आदिवासी माणूस कितीही सांगा, ऐकतच नाही." आरोग्याच्या बैठकांतून हे वाक्य सर्रास ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी बांधवांची मोठी वस्ती असलेल्या कळवण तालुक्यात हे वाक्य म्हणजे व्यवस्थेने स्वतःच स्वतःची केलेली निर्दोष मुक्तता आहे. सांगितले कोणी? कोणत्या भाषेत? आणि सांगितल्यावर औषध हाती दिले का?

या प्रश्नांचे उत्तर गडचिरोलीत संशोधनाने दिले आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, धोक्याची लक्षणे कोणती, हे त्यांनी घरात बसून आईला आणि आजीला सांगितले. जंतुसंसर्ग झाला तर उपचारही त्यांनीच केले. दर हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावे तीच, गरिबीही तीच. बदलली ती सांगण्याची रीत आणि सेवेचे अंतर.

चळवळीला यात नवे काही वाटू नये. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, स्वच्छ राहा, असे सांगितले. लोकांनी ते ऐकले. कारण सांगणारा आपला होता आणि सांगण्यात तुच्छता नव्हती, स्वाभिमान होता. तुच्छतेने केलेला उपदेश कोणीही ऐकत नाही.

२०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांवर नवजात बाळाच्या घरभेटींची जबाबदारी आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईसाठी ४२ दिवसांत सहा भेटी ठरल्या आहेत. पण ती आई द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेली, तर तिथे भेट कोण देणार? घरात कोकणी बोलणाऱ्या आजीला छापील मराठीतला फलक काय सांगणार? आणि कामागणिक तुटपुंजा मोबदला देऊन आशाताईंकडून आपण किती अपेक्षा करणार?

संविधानाच्या कलम ४७ ने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. हे कलम न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाही, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. पण कळवण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला बळ दिले आहे. ते वापरले पाहिजे.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने तीन ठराव करावेत. आरोग्याची माहिती आमच्या बोलीत द्या. स्थलांतरित मातेची नोंद कामाच्या गावच्या आशाकडे पोहोचवा. आशाताईंना सन्मानाचे वेतन द्या. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मग कोण ऐकत नाही, हे कागदावरच दिसेल.