भुजरियांचं कॅल्शियम

ग्वाल्हेर-बुंदेलखंडाच्या पट्ट्यात श्रावणात द्रोणांत गहू-जव पेरून अंधारात ठेवतात. ती पिवळी रोपं म्हणजे भुजरिया. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विसर्जन होतं, थोडी एकमेकांना देऊन गळाभेटही होते. आपल्या नवरात्रातल्या घटातलं धानही असंच पिवळट वाढतं. उजेडाशिवाय ही रोपं जगतात कशावर?

दाण्यातल्या पिठावर. मात्र कोंबाला त्याची साखर करून हवी असते. भिजलेला अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो आणि सालीखालच्या अॅल्युरोन थरातल्या पेशी अल्फा-अमायलेज हे विकर बनवू लागतात. शाळेतली गोष्ट इथेच संपते. कॅल्शियमचं नावही येत नाही, याची मला फार चुटपुट लागते. या विकराच्या रेणूत कॅल्शियम बसलेलं असतं. ते काढलं की रेणूची घडी विस्कटते. शिवाय जिबरेलिन पोहोचल्यावर अॅल्युरोन पेशीतलं मोकळं कॅल्शियम वाढतं.  

एरवी पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं. वाढलं तर ते फॉस्फेटशी जोडून साका धरेल, म्हणून पेशी ते सतत उपसत राहते. त्यामुळेच धरणाचं दार क्षणभर उघडावं तसं जरासं आत आलं, तरी तो निरोप ठरतो.

हा निरोप डोळ्यांसमोर आणला एका जेलीफिशनं. १९६१ साली अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला ओसामु शिमोमुरा तिच्या प्रकाशाचं मूळ शोधत होते. एका संध्याकाळी त्यांनी उरलेला अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळी उजळली! तिथं मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी वाहत येत होतं, आणि त्यात कॅल्शियम होतं. कॅल्शियम मिळताच उजळणाऱ्या, अर्कातल्या त्या प्रथिनाचं नाव एक्वोरिन. पुढे शिमोमुरांना २००८ चं नोबेल मिळालं ते त्याच प्राण्यातल्या हिरव्या प्रथिनासाठी. एक्वोरिन मागेच राहिलं.

१९९१ मध्ये एडिंबरोच्या मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस आणि सहकाऱ्यांनी एक्वोरिनचं जनुक तंबाखूच्या रोपांत घातलं. रोपाला स्पर्श झाला, थंडीचा झटका बसला, की पेशीत कॅल्शियम उसळे आणि रोप उजळे. उजेड इतका मंद, की यंत्रानंच टिपावा.

मग स्पर्श कोणता नि थंडी कोणती, हे पेशी ओळखते कसं? उसळी किती उंच, किती वेळ, पेशीच्या कुठल्या भागात आणि कोणत्या प्रथिनानं ती पकडली, यांवर बरंच ठरतं. कॅल्मोड्युलिन हे अशा पकडणाऱ्या प्रथिनांतलं एक. तेच आपल्याही पेशींत आहे.